गोळी नव्हती तेव्हा

जुनी वही, सकाळी ९:१२

कुटुंबनियोजनाच्या गप्पा निघाल्या की गाडी हमखास १९६० वर येऊन थांबते. त्या वर्षी अमेरिकेत एनोव्हिड ही गोळी गर्भनिरोधक म्हणून विकायला परवानगी मिळाली आणि बायका सुटल्या, त्याआधी सगळा देवावर हवाला, असं आपण धरून चालतो. मीही तेच धरून चालले होते. मग एक आकडा वाचनात आला आणि तिथेच अडकले. ब्रिटनमध्ये १८६०च्या दशकात लग्न झालेल्या जोडप्याला सरासरी सहाच्या आसपास मुलं व्हायची. १९३०च्या दशकात हा आकडा दोनवर आला. गोळी यायला अजून तीस वर्षं होती! फ्रान्समध्ये तर ही घसरण अठराव्या शतकाच्या अखेरीसच सुरू झाली होती. हे जमलं कसं? उत्तर शोधता शोधता भलतीकडेच पोचले, म्हणून हा धागा.

आधी इजिप्त. काहून इथे सापडलेला स्त्रीरोगांवरचा पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरचं हस्तलिखित, इसवीसनपूर्व १८००च्या सुमाराचा. जागोजागी फाटलेला आहे, पण मगरीची विष्ठा कालवून आत ठेवायचा सल्ला त्यात वाचता येतो. शिवाय मध आणि नेट्रन नावाच्या खाराची एक कृती आहे. हसू येतं वाचून. पण इसवीसनपूर्व १५५०च्या सुमाराच्या एबर्स पपायरसमधली कृती बघा: बाभूळ, खजूर आणि मध एकत्र वाटायचं, त्यात बोळा भिजवायचा आणि तो आत ठेवायचा. बाभळीचा डिंक आंबला की लॅक्टिक आम्ल होतं आणि आम्लात शुक्राणू तग धरत नाहीत. रसायनशास्त्राचा गंध नसताना कुणीतरी ते करून पाहिलं होतं आणि लिहून ठेवलं होतं. मगरीच्या शेणाने फार तर आडोसा होत असेल.

दुसरा माणूस सोरेनस. इफिससचा, दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणारा. याने एक काम फार मोठं केलं. गर्भ राहूच नये म्हणून करायचे उपाय वेगळे आणि राहिलेला गर्भ पाडायचे उपाय वेगळे, असे दोन स्वतंत्र शब्द वापरून त्याने फरक सांगितला, आणि पहिला मार्ग दुसऱ्यापेक्षा कमी धोक्याचा, असंही बजावलं. ताईत-गंड्यांवर त्याचा विश्वास नव्हता. जुनं ऑलिव्हचं तेल, मध, देवदाराच्या जातीच्या झाडाचा चीक, लोकरीचा बोळा, हे सगळं त्याच्या यादीत आहे. दुर्दैवाने पांढरं शिसंही आहे, म्हणजे शुद्ध विष. आणि एवढा डोळस माणूस पुढे सांगतो की नेमक्या क्षणी बाईने श्वास रोखावा, अंग मागे घ्यावं, मग उकिडवं बसून शिंका काढाव्यात!

(यातलं काहीही घरी करून बघू नये, हे सांगायला नको. तरी सांगितलं.)

तुम्हाला काय वाटतं, सहाचे दोन कशाने झाले?


वाचनमात्र, सकाळी ९:४०

मस्त विषय. वाचतेय. शिंकांपाशी चहा सांडला.


उंटावरचा शहाणा, सकाळी १०:०५

अरब व्यापारी लांबच्या प्रवासाला निघताना उंटिणीच्या गर्भाशयात गुळगुळीत खडे सोडायचे, म्हणजे वाटेत ती गाभण राहायची नाही. आपली तांबी तिथूनच आली म्हणे. हे राहिलं की तुमच्या यादीत!


स्टेथो, सकाळी ११:२८

उंटाची गोष्ट आम्हालाही वर्गात सरांनी सांगितली होती, सगळा वर्ग हसला होता आणि परीक्षेत कुणी विचारली नव्हती. तिला पुरावा नाही. एकदा स्वतः उंटिणीच्या मागे उभं राहून विचार करा, खडा आत कोण आणि कसा सोडणार!

तांबीचा खरा इतिहास असा. १९०९ साली रिष्टर नावाच्या जर्मन डॉक्टरने रेशमाच्या किड्याच्या आतड्यापासून केलेल्या धाग्याचं कडं गर्भाशयात बसवून पाहिलं. १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये ग्रेफेनबर्गने आधी तेच वापरलं आणि मग चांदीच्या तारेचं कडं केलं. त्या चांदीत तांबंही होतं आणि गुण बराचसा त्या तांब्याचा होता, हे कळायला १९६०चं दशक संपत आलं. तोवर जंतुसंसर्गाच्या भीतीने बहुतेक डॉक्टरांनी ही कडी हद्दपार केली होती. ती भीती अगदीच खोटी नव्हती, प्रतिजैविकं अजून हाताशी आलेली नव्हती. ग्रेफेनबर्ग ज्यू होता. नाझींनी त्याला तुरुंगात टाकलं, नंतर तो कसाबसा अमेरिकेला पोचला. जपानमध्ये ओटा नावाच्या डॉक्टरने १९३४ मध्ये असंच कडं काढलं होतं.


उंटावरचा शहाणा, सकाळी ११:३५

घ्या! नावाला जागलो.


दिडकी, दुपारी १२:५०

सिल्फियम विसरलात? आजच्या लिबियातल्या सायरीनी या ग्रीक वसाहतीची सगळी श्रीमंती त्या एका झाडावर होती. नाण्यांवर त्याचंच चित्र. जाड खोड, दोन्ही बाजूंना पानं, डोक्यावर फुलांचा गोंडा. प्लिनी हा रोमन लेखक लिहितो की त्याच्या हयातीत एकच काडी सापडली आणि ती नीरो बादशहाला भेट म्हणून पाठवली. गर्भ राहू नये म्हणून लोकांनी एवढं खाल्लं की झाडच संपलं!


जुनी वही, दुपारी १:२०

नाण्यांपर्यंत सगळं बरोबर, शेवटच्या वाक्याला मात्र हरकत आहे. सोरेनसच्या यादीत सायरीनीच्या चिकाचा उल्लेख आहे हे खरं. पण ग्रीक-रोमन लोक सिल्फियम मुख्यतः स्वयंपाकात घालायचे आणि खोकल्यापासून साप चावण्यापर्यंत सगळ्याला औषध म्हणून घ्यायचे. ते मिळेनासं झालं तेव्हा त्यांनी त्याऐवजी काय वापरलं माहितीये? हिंग! पर्शियाकडून येणारा. दुधाची तहान ताकावर. झाड संपलं ते अति तोडणी, चराई, जमिनीची धूप अशा कारणांनी. सगळं खापर गर्भनिरोधावर फोडलं की गोष्ट चुरचुरीत होते, एवढंच.


पोथीवाचक, दुपारी २:०२

श्वासाच्या मुद्द्यावर आपल्याकडचं एक. बृहदारण्यक उपनिषदात सहाव्या अध्यायाच्या चौथ्या ब्राह्मणात, 'हिला गर्भ राहू नये' अशी इच्छा असेल तर पुरुषाने काय करावं ते सांगितलंय. आधी श्वास सोडायचा, मग आत घ्यायचा आणि 'इन्द्रियेण ते रेतसा रेत आददे' म्हणायचं, म्हणजे दिलेलं परत घेतो. लगेच पुढच्या मंत्रात गर्भ राहावा म्हणून उलट्या क्रमाने. सोरेनसच्या कितीतरी शतकं आधीचं हे. दोन्हीकडे भिस्त श्वासावरच, फक्त इथे तो सांभाळायचा पुरुषाने आणि तिथे बाईने.

अकराव्या-बाराव्या शतकातला इमाम गझाली यापेक्षा फारच व्यवहारी. वेळीच बाजूला होणं, ज्याला अरबीत 'अझ्ल' म्हणतात, त्याला तो परवानगी देतो. कारणं? बायकोचं रूप टिकावं, बाळंतपणातला जिवाचा धोका टळावा, मुलांच्या पोटापाण्याची ओढाताण नको. आजही कारणं काय वेगळी असतात?


स्पष्टवक्ता, दुपारी २:३०

असले विषय चारचौघात चघळायची खरंच गरज आहे का? लहान मुलंही वाचतात इथे.


वाचनमात्र, दुपारी २:३३

लहान मुलांना ती कुठून आली हे माहीत असलेलं बरं. जुनी वही, थांबू नका हो.


शून्य बाकी, दुपारी ३:४५

'सुरक्षित दिवस' या प्रकाराबद्दल कुणीच कसं बोललं नाही? माझ्या मते अख्ख्या इतिहासातली ही सगळ्यात क्रूर गंमत आहे.

सोरेनस म्हणतो, पाळीच्या आगेमागे गर्भ राहण्याची शक्यता सर्वांत जास्त, तेव्हा ते दिवस टाळा. एकोणिसाव्या शतकात डॉक्टरांनी प्राण्यांचा अभ्यास केला. कुत्री माजावर येते तेव्हा रक्त जातं आणि ती गाभण राहते. म्हणून त्यांनी ठरवलं की बाईचंही तसंच असणार. झालं! दोन पाळ्यांच्या मधले दिवस निर्धास्त, असा सल्ला चांगले शिकलेसवरलेले डॉक्टर छापून देऊ लागले. म्हणजे महिन्यातले नेमके जे दिवस धोक्याचे, तेच सुरक्षित म्हणून सांगितले जात होते. सल्ला काटेकोरपणे पाळणाऱ्या बाईला न पाळणारीपेक्षा लवकर दिवस जात असतील.

हिशेब सरळ केला तो जपानच्या क्यूसाकू ओगिनोने, १९२४ मध्ये. त्याच्या आधी सगळे गेल्या पाळीपासून पुढे दिवस मोजत होते. याने उलटं मोजलं. पुढच्या पाळीच्या साधारण बारा ते सोळा दिवस आधी स्त्रीबीज बाहेर पडतं, मागची पाळी कधीही आलेली असो. पोटाच्या शस्त्रक्रिया करताना त्याने बीजकोशांची अवस्था प्रत्यक्ष पाहिली होती आणि त्या बायकांच्या पाळीच्या तारखांशी ती ताडून घेतली होती. ऑस्ट्रियाच्या क्नाउसने १९२८ मध्ये स्वतंत्रपणे जवळपास तेच सांगितलं. आता यातली मेख बघा. पुढच्या पाळीपासून मागे मोजायचं, पण पुढची पाळी अजून आलेलीच नाही! पाळी घड्याळासारखी असेल तर ठीक, नाहीतर सगळा अंदाजपंचे कारभार.

म्हणजे सहाचे दोन याने झालेले नाहीत. १९२४ पर्यंत घसरण निम्म्याहून जास्त होऊन गेली होती.


रबरी शिक्का, दुपारी ४:१०

मग रबर! गुडइयरने १८३९ मध्ये रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करायची युक्ती शोधली आणि १८५०च्या दशकात रबरी कंडोम आले. उत्तर मिळालं, धागा बंद करा.


जुनी वही, दुपारी ५:००

इतक्या लवकर नाही. :)

कंडोमचा जन्म मुळात मुलं टाळायला झालाच नाही. इटलीचा शरीरशास्त्रज्ञ फालोपियो, ज्याच्या नावाने बीजवाहिन्या ओळखल्या जातात तोच, त्याने तागाच्या कापडाची औषधात भिजवलेली पिशवी सांगितली ती सिफिलिसपासून बचाव म्हणून. ११०० पुरुषांवर वापरून पाहिली, एकालाही लागण झाली नाही, असा त्याचा दावा. पुस्तक छापून आलं १५६४ मध्ये, तो वारल्यानंतर.

इंग्लंडमधल्या डडली किल्ल्याच्या शौचकूपात उत्खनन करताना प्राण्यांच्या आतड्यापासून केलेले कंडोम सापडले. तिथल्या यादवी युद्धाच्या काळातले, १६४६च्या आधीचे. हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. बाहेर वेढा पडलाय आणि आत कुणीतरी आतड्याची ती नाजूक पिशवी वापरून संडासात टाकतंय. ज्याने टाकली त्याला वाटलं असेल, आता कुणाला दिसणार नाही!

कॅसानोव्हा, अठराव्या शतकातला इटलीचा प्रसिद्ध रंगेल, ती पिशवी फुगवून भोक आहे का ते बघायचा. अर्ध्या लिंबाची साल गर्भाशयाच्या तोंडावर बसवल्याचं त्याच्या आठवणींत आहे. तत्त्व मात्र पक्कं, आडोसा आणि आम्ल दोन्ही एकात.

सुरुवातीचं रबर जाड होतं, त्याला शिवण असायची, धुऊन-वाळवून पुन्हा वापरावं लागायचं आणि मजुराच्या खिशाला ते परवडायचं नाही. त्यात ते वेश्यावस्तीशी जोडलं गेलेलं. लग्नाच्या बायकोबरोबर वापरणं म्हणजे तिचा अपमान, असं कित्येक नवऱ्यांना वाटे. पातळ लॅटेक्स आलं १९२०च्या दशकात. तेव्हा रबरी शिक्का, तुमचं उत्तर चौथाई बरोबर.


स्टेथो, संध्याकाळी ६:१५

रबराचं खरं देणं कंडोम नाही, टोपी! बर्लिनच्या विल्डने १८३८ मध्ये प्रत्येक बाईच्या मापाचा मेणाचा साचा घेऊन गर्भाशयाच्या तोंडावर बसवायची रबरी टोपी करायला सुरुवात केली. जर्मनीतच मेन्सिंगाने १८८०च्या दशकात स्प्रिंगची कड असलेला डायफ्रॅम काढला. तो वापरायला शिकवला हॉलंडच्या पहिल्या महिला डॉक्टर अलेट्टा याकोब्स यांनी, अ‍ॅमस्टरडॅममध्ये १८८२ पासून. म्हणून त्याला पुढे 'डच टोपी' नाव पडलं. यात पहिल्यांदा सूत्रं बाईच्या हातात आली. नवऱ्याच्या संयमावर किंवा शुद्धीवर अवलंबून राहायला नको. अडचण एकच, माप घ्यायला डॉक्टर हवा आणि बसवायला थोडा एकांत हवा. एका खोलीत आठ माणसं झोपत असतील तर एकांत कुठून आणणार?


वकिली चष्मा, रात्री ८:२०

साधनांबद्दल सगळे बोलले, पण खरी लढाई साधनांची नव्हतीच. ती होती माहिती छापण्याची. आणि त्यातलं मुख्य पात्र आपण सगळ्यांनी शाळेत वेगळ्याच धड्यात वाचलंय. अ‍ॅनी बेझंट.

मॅसॅच्युसेट्सच्या चार्ल्स नोल्टन या डॉक्टरने १८३२ मध्ये गर्भनिरोधावर एक छोटं पुस्तक लिहिलं आणि त्यापायी तीन महिने सक्तमजुरी भोगली. तेच पुस्तक इंग्लंडमध्ये चाळीस वर्षं कुणाच्या अध्यात ना मध्यात विकलं जात होतं. मग एका विक्रेत्याला शिक्षा झाली आणि मूळ प्रकाशकाने कच खाल्ली. बेझंटबाई आणि चार्ल्स ब्रॅडलॉ यांनी १८७७ मध्ये ते मुद्दाम पुन्हा छापलं, किंमत सहा पेन्स. कधी आणि कुठे विकणार हे पोलिसांना आधी कळवलं आणि दुकानात उभे राहिले. या, पकडा!

पकडलंच. खटल्यात बाईंनी स्वतःची बाजू स्वतः मांडली, वयाच्या तिशीच्या आत. ज्यूरीने दोषी ठरवलं. सहा महिने कैद आणि २०० पौंड दंड. पुढच्या वर्षी अपिलात सुटले, तेही तत्त्वावर नाही. आरोपपत्रात आक्षेपार्ह मजकूर शब्दशः उद्धृत केलेला नाही, या तांत्रिक मुद्द्यावर! इकडे, आधी वर्षाला हजारभरही न खपणारं पुस्तक तीन महिन्यांत सव्वा लाख खपलं. सरकारने जाहिरात करावी तर अशी.

किंमत मात्र वेगळ्याच नाण्यात मोजावी लागली. विभक्त राहणाऱ्या पाद्री नवऱ्याने अर्ज केला आणि १८७८ मध्ये कोर्टाने त्यांची लहान मुलगी मेबल हिचा ताबा काढून घेतला. असली पुस्तकं छापणारी बाई मुलगी काय वाढवणार, हा युक्तिवाद. मुलांची संख्या ठरवायचा हक्क मागणाऱ्या बाईचं असलेलं मूल गेलं. पुढे थिऑसॉफीकडे वळल्यावर, १८९१ मध्ये त्यांनी याच विषयावरची स्वतःची पुस्तिका विक्रीतून मागे घेतली. १९१७ साली काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या त्या ह्याच. आमच्या पाठ्यपुस्तकात फक्त होमरूल होतं.


स्टेथो, रात्री ८:४१

त्यातला विनोद सांगू? ज्या पुस्तकासाठी एवढं रामायण झालं, त्यात नोल्टनने भर दिला होता तो नंतर तुरटीच्या किंवा जस्ताच्या क्षाराच्या पाण्याने आतून धुण्यावर. शुक्राणू काही मिनिटांतच गर्भाशयाच्या मुखातून वर गेलेले असतात. पिचकारी भरेपर्यंत चोर पसार!


समाजस्वास्थ्य-प्रेमी, रात्री ९:०५

र. धों. कर्व्यांचं नाव येईना म्हणून वाट पाहून थकलो. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंचं केंद्र उघडलं १९२१ च्या मार्चमध्ये, आणि त्याच वर्षी गणिताच्या या प्राध्यापकाने मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. पुढे नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मरण येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. गुन्हा काय, तर वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना मासिकातून उत्तरं दिली. खटला हरले, दंड भरला, पुढचा अंक काढला.


स्पष्टवक्ता, रात्री ९:१७

कर्व्यांबद्दल आदर आहेच. पण परदेशातल्या ज्या बायकांचा उदोउदो चाललाय, त्या स्टोप्सबाई आणि अमेरिकेच्या मार्गारेट सँगरबाई 'कमअस्सल' लोकांनी मुलं होऊ देऊ नयेत असं म्हणायच्या. हेही लिहा की.


वकिली चष्मा, रात्री ९:३०

मान्य, आणि बरं केलंत काढलंत ते. दोघीही सुप्रजननवादाच्या बाजूच्या होत्या, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. पण सँगरबाईंनी १९१६ मध्ये ब्रुकलिनमध्ये दवाखाना काढला तेव्हा दाराशी बाबागाड्या घेऊन रांग लावलेल्या स्थलांतरित बायकांना त्यांचे सिद्धान्त नको होते, पत्ता हवा होता. पोलिसांनी दहा दिवसांच्या आत तो बंद केला. १८७३ चा कॉमस्टॉक कायदा होता ना, टपालाने गर्भनिरोधाची माहिती पाठवणंसुद्धा गुन्हा. १९३६ मध्ये जपानहून मागवलेल्या एका पार्सलावरून खटला झाला, तेव्हा कुठे डॉक्टरांना मोकळीक मिळाली.

आणि बंदीने मागणी थोडीच मरते? अमेरिकेत लायसॉल हे जंतुनाशक 'स्त्रियांची स्वच्छता' अशा गोड नावाखाली जाहिरात करून विकलं जात होतं. घेणाऱ्या बाईला त्याचा अर्थ नेमका कळायचा. अंग भाजायचं, विषबाधा व्हायची, काही जणी दगावल्या, आणि दिवस जायचे ते जायचेच.


जुनी वही, रात्री १०:१०

स्टेथोंचा विनोद माझ्या प्रश्नाच्या अगदी जवळ गेलाय. पुस्तक सव्वा लाख खपलं, त्यातला उपाय कुचकामी, आणि तरी त्याच सुमारापासून इंग्लंडचा जन्मदर उतरायला लागतो. पुस्तकामुळेच उतरला असं कुणी छातीठोक म्हणू नये, पण उपाय त्यातला नव्हता हे नक्की. मग कोणता?

१९४०च्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये विवाहित बायकांची पाहणी झाली. जुन्या पिढीत सगळ्यात जास्त जोडप्यांनी वापरलेला उपाय निघाला तोच, गझालीचा. वेळीच बाजूला होणं. ना दुकान, ना डॉक्टर, ना पैसे, ना कायदा. आणि कितीतरी जोडप्यांना तो 'उपाय' वाटतच नव्हता. काही वापरता का विचारलं तर नाही म्हणायचे. 'नवरा जपतो' एवढंच. लिव्हरपूलमध्ये त्याला म्हणत 'एज हिलला उतरणं'. लाइम स्ट्रीट या शेवटच्या स्टेशनाच्या अलीकडचं स्टेशन एज हिल!

त्याच्या जोडीला महिनोन्‌महिने दूर राहणं, उशिरा लग्न, मुलाला जास्त दिवस अंगावर पाजणं. आणि चोरून केलेले गर्भपात, ज्यांची मोजदाद कुणी ठेवली नाही.


शून्य बाकी, रात्री १०:३८

पटतंय, आणि गणितही जुळतंय. काहीच न करणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी वर्षभरात पंच्याऐंशी जणींना दिवस जातात. बाजूला होण्याच्या पद्धतीत रोजच्या ढिसाळपणासकट वीस. आजच्या मापाने वाईटच. पण वर्षाला वीस टक्के म्हणजे सरासरी पाच वर्षांनी एकदा फसगत. पंचविशीनंतर लग्न झालेल्या बाईला अशा किती फसगती वाट्याला येतील? दोन, फार तर तीन. त्यात नवरा खरंच जपणारा असेल तर आणखी कमी.


स्टेथो, रात्री १०:५२

'नवरा जपणारा असेल तर'. या चार शब्दांत किती बायकांचं आयुष्य गेलं असेल. टोपी बसवून घ्यायला येणाऱ्यांत कोण असायच्या, कळलं का आता? ज्यांचा नवरा एज हिलला उतरत नव्हता त्या.


वाचनमात्र, रात्री ११:२०

ते मेबलचं डोक्यातून जात नाहीये. तिची आणि आईची पुन्हा भेट झाली का हो कधी?


वकिली चष्मा, रात्री ११:३१

झाली. सज्ञान झाल्यावर मेबल स्वतःहून आईकडे परत आली.